डॉ. हार्वे वायली : लेबलासाठी भांडलेला रसायनशास्त्रज्ञ

सरबताची किंवा सॉसची एखादी बाटली हातात घ्या आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच बाटल्यांवर सोडियम बेंझोएट किंवा आयएनएस २११ असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. आपण ते वाचत नाही ही गोष्ट वेगळी, पण कंपनीला ते छापावंच लागतं. का? तर कायदा आहे म्हणून. अन्नात काय घातलंय ते खाणाऱ्याला सांगायला हवं, ही गोष्ट आज इतकी साधी वाटते की त्यासाठी कुणाला पंचवीस-तीस वर्षं भांडावं लागलं असेल हे खरं वाटत नाही. अमेरिकेत हे भांडण ज्यांनी केलं त्यांचं नाव डॉ. हार्वे वॉशिंग्टन वायली. गंमत अशी, की हे बेंझोएट अन्नात असूच नये असं त्यांचं म्हणणं होतं. कायदा त्यांनी मिळवला. बेंझोएटच्या लढाईत मात्र ते हरले, आणि त्या हरण्याची गोष्ट त्यांच्या विजयापेक्षा जास्त शिकवणारी आहे असं मला वाटतं.

वायलींचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ चा. इंडियाना राज्यात केंट नावाच्या गावाजवळ ओंडक्यांनी बांधलेलं शेतघर होतं, तिथला. वडील शेतकरी, शिवाय धर्मोपदेश करणारे आणि गुलामगिरीच्या सक्त विरोधात असलेले. घरात पैसा बेताचा, पण पुस्तकं होती. शेतात गोड ज्वारी व्हायची आणि तिची काकवी घरीच निघायची. ताटात येणारी बहुतेक प्रत्येक गोष्ट कुठून आली हे घरातल्या पोराला माहीत असायचं. पुढे आयुष्यभर ते ज्या गोष्टीसाठी झगडले ती एका अर्थाने एवढीच, की शहरातल्या माणसालासुद्धा हे माहीत असलं पाहिजे.

१८६३ मध्ये ते हॅनोव्हर कॉलेजात दाखल झाले. हे प्रेस्बिटेरियन मिशनचं कॉलेज. मधेच यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून काही महिने जाऊन आले, आजारी पडून परतले आणि १८६७ मध्ये पदवीधर झाले. नंतर डॉक्टरकीची पदवी घेतली (१८७१), पण दवाखाना काही उघडला नाही. ग्रीक आणि लॅटिन शिकवलं, हार्वर्डमधून विज्ञानाची पदवी घेतली आणि १८७४ पासून नव्याने सुरू झालेल्या पर्ड्यू विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवू लागले. भाषा शिकवणारा माणूस प्रयोगशाळेत गेला, हे त्यांच्या लिखाणातून आणि भाषणांतून पुढे चांगलंच दिसलं. रसायनशास्त्रज्ञ बरेच होते, पण सभा जिंकणारा रसायनशास्त्रज्ञ विरळाच.

१८७८ मध्ये ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये हॉफमनसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकली आणि सरकारी अन्नतपासणी प्रयोगशाळेत काम केलं. साखरेच्या पाकातून प्रकाश पाठवून आत नेमकी कुठली साखर आहे ते ओळखणारं पोलरिस्कोप नावाचं यंत्र तिथे ते शिकले. परत आल्यावर इंडियानातल्या बाजारातले मध आणि पाक त्यांनी त्या यंत्राखाली धरले. बाटलीवर मध लिहिलेलं, आणि आत मक्यापासून काढलेलं स्वस्त ग्लुकोज! १८८१ चा हा अहवाल म्हणजे त्यांच्या पुढच्या आयुष्याची पहिली ओळ.

पर्ड्यूमध्ये मात्र त्यांचं फारसं जमलं नाही. उंच चाकाची सायकल आणून तिच्यावर बसून ते कॉलेजला जायचे, विद्यार्थ्यांबरोबर बेसबॉल खेळायचे. विश्वस्तांना हे प्राध्यापकाला न शोभणारं वाटलं आणि त्यांनी बोलावून समज दिली. वायलींनी राजीनामा पुढे केला, विश्वस्तांनी तो घेतला नाही. पण अध्यक्षपदाची जागा निघाली तेव्हा ती दुसऱ्याला गेली. १८८३ मध्ये केंद्रीय कृषी खात्यात मुख्य रसायनशास्त्रज्ञ म्हणून ते वॉशिंग्टनला गेले आणि तिथेच २९ वर्षं राहिले.

त्या काळातलं अमेरिकेतलं अन्न कसं होतं? शहरं वाढत होती, रेल्वे होती, डबाबंद कारखाने निघाले होते. दूध काढणारा आणि दूध पिणारा यांच्यात शेकडो मैल आणि चार-पाच दलाल आले होते. दूध नासू नये म्हणून त्यात फॉर्मेलिन, मांस आणि लोणी टिकावं म्हणून टाकणखार, वाटाणे हिरवेगार दिसावेत म्हणून तांब्याचे क्षार. मिरपुडीत दळलेली टरफलं, कॉफीत चिकोरी आणि भाजलेलं धान्य. १८८७ पासून वायलींच्या विभागाने अन्नातल्या भेसळीवर एकामागून एक अहवाल काढले. दूधदुभतं, मसाले, दारू, चरबी, बेकिंग पावडर, चहा-कॉफी असं एकेक प्रकरण. अहवाल नेमके होते, पण वाचणार कोण? सरकारी अहवाल जसे कपाटात जातात तसे तेही गेले.

कायदे अजिबात नव्हते असं नाही. प्रत्येक राज्याचा आपापला होता, आणि एका राज्यात चालणारा माल दुसऱ्यात बेकायदा ठरायचा. संपूर्ण देशासाठी एक मोठा अन्नकायदा १८८६ मध्ये झाला होता, पण तो मार्जरीनवर कर लावणारा. लोण्यापेक्षा स्वस्त असलेलं मार्जरीन दूधवाल्या शेतकऱ्यांना नको होतं. १९०२ मध्ये तो कर बदलला तेव्हा पिवळा रंग दिलेल्या मार्जरीनवर पौंडाला १० सेंट आणि बिनरंगाच्या मार्जरीनवर पाव सेंट असा हिशेब ठरला. म्हणजे गरिबाच्या पावावर जे लागतं ते पांढरं दिसावं की पिवळं, हे संसदेने ठरवलं! अन्नाचा कायदा आला म्हणजे तो खाणाऱ्यासाठीच आला, असं समजायचं कारण नाही.

वायलींना हवा होता तो कायदा वेगळा. तशी विधेयकं १८७९ पासून येत होती, शंभराच्या वर आली आणि बहुतेक समितीच्या खोलीतच मेली. विरोधकांचा एक प्रश्न नेहमीचा असायचा. ही द्रव्यं अपायकारक आहेत याला पुरावा काय? आणि खरं म्हणजे पुरावा फारसा नव्हताच.

म्हणून १९०२ मध्ये त्यांनी संसदेकडून ५,००० डॉलर मंजूर करून घेतले आणि आपल्या कार्यालयाच्या तळघरात एक खाणावळ सुरू केली. स्वयंपाकी ठेवला. खात्यातले बारा तरुण कारकून स्वखुशीने पुढे आले. तीन वेळचं उत्तम जेवण फुकट, अट एवढीच की बाहेर काही खायचं नाही, काही झालं तर सरकारवर दावा लावायचा नाही, आणि जेवणात जे घातलं जाईल ते खायचं. जेवणाआधी वजन, ताप, नाडी. मलमूत्र गोळा करून प्रयोगशाळेत द्यायचं. पहिली पाळी टाकणखाराची. सुरुवातीला तो लोण्यात मिसळला, तर पोरांनी ओळखलं आणि लोणी खायचंच सोडलं. दुसऱ्या पदार्थांत घातला, तर ते पदार्थ नकोसे झाले. शेवटी कॅप्सूल दिल्या. वर्तमानपत्रांना हे कळल्यावर एका बातमीदाराने या मंडळीचं नाव ‘पॉयझन स्क्वॉड’ पाडलं. वायलींना आधी ते आवडलं नाही. पण नाटकमंडळ्यांमध्ये त्यांच्यावर गाणी निघाली आणि जे काम अहवालांनी पंधरा वर्षांत झालं नव्हतं ते या चेष्टेने वर्षभरात केलं. आपल्या अन्नात टाकणखार असतो, हे देशभर माहीत झालं.

टाकणखारानंतर सॅलिसिलिक आम्ल, गंधकाचे क्षार, बेंझोएट आणि फॉर्मेलिन असे प्रयोग पुढे चालले. डोकेदुखी, पोटदुखी, मळमळ, वजन घटणं. फॉर्मेलिनच्या वेळी तर मंडळी इतकी आजारी पडली की प्रयोग मधेच थांबवावा लागला. आजच्या दृष्टीने बघितलं तर या प्रयोगांत मोठ्या उणिवा आहेत. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, माणसं मोजकी होती, आणि काय खातोय हे त्यांना बहुतेक वेळा कळतच होतं. आज कुठल्याही कॉलेजच्या समितीने असल्या प्रयोगाला परवानगी दिली नसती. वायलींनी मात्र यातून एक ठाम निष्कर्ष काढला. निरोगी तरुण थोडे दिवस हे सोसतील. पण लहान मुलं, म्हातारी आणि आजारी माणसं हेच रोज, वर्षानुवर्षं खातात. तेव्हा थोडंसं चालतं, हा हिशेब कुणाच्या पोटावर करायचा?

गोव्यातल्या वाचकांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारात फॉर्मेलिनवरून गदारोळ झाला, बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी आली, आणि घरोघरी चर्चा एकच. किती होतं? मर्यादेत होतं का? मर्यादा ठरवली कुणी? नुस्त्याशिवाय ज्यांचं जेवण होत नाही अशा माणसांनी त्या दिवसांत जे विचारलं तेच वायली शंभर वर्षांपूर्वी दुधाबद्दल विचारत होते.

पुराव्याबरोबर माणसं लागतात, आणि ती वायलींनी जिथे शोधली तिथे इतर शास्त्रज्ञ जात नव्हते. ते महिला मंडळांकडे गेले. त्या काळी अमेरिकन बायकांना बहुतेक ठिकाणी मत नव्हतं, पण स्वयंपाकघर त्यांचं होतं. न्यू जर्सीच्या ॲलिस लेकी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हजारो पत्रं लिहून घेतली. १९०४ च्या सेंट लुईस जत्रेत राज्याराज्यांच्या रसायनशास्त्रज्ञांनी डब्यातल्या अन्नातून काढलेल्या रंगांनी लोकर आणि रेशीम रंगवून मांडून ठेवलं. जे कापड रंगवतं तेच पोटात जातंय, हे बघायला व्याख्यानाची गरज नव्हती.

सिनेटमध्ये ऱ्होड आयलंडचे ऑल्ड्रिच विरोधात होते, आयडाहोचे हेबर्न बाजूने. फेब्रुवारी १९०६ मध्ये सिनेटने विधेयक ६३ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केलं, पण खालच्या सभागृहात ते पुन्हा रेंगाळलं. त्याच सुमारास अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी पुस्तकरूपात आली. शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या कामगारांचे हाल सांगण्यासाठी लिहिलेली. वाचकांनी कामगारांपेक्षा आपल्या ताटातल्या मांसाचीच जास्त काळजी केली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चौकशीला माणसं पाठवली, अहवाल वाईट आला, आणि ३० जून १९०६ रोजी मांसतपासणीचा कायदा आणि शुद्ध अन्न व औषध कायदा या दोन्हींवर सही झाली. दुसऱ्याला लोक वायलींचाच कायदा म्हणू लागले.

या कायद्यात काय होतं? राज्याराज्यांत फिरणाऱ्या मालात आरोग्याला अपायकारक द्रव्य घालायचं नाही. वस्तूला खोटं नाव द्यायचं नाही. औषधात दारू, अफू, कोकेन असं काही असेल तर ते लेबलावर लिहायचं. पण अपायकारक म्हणजे काय, किती प्रमाणात, हे कायद्याने सांगितलं नाही. ते सिद्ध करायचं सरकारने, म्हणजे वायलींच्या विभागाने. सगळी पुढची भांडणं या एका मोकळ्या जागेतून निघाली.

कायद्यामुळे चव कशी बदलते याचं केचप हे छान उदाहरण आहे. तेव्हाचं बरंचसं केचप डबाबंद कारखान्यांत उरलेल्या टोमॅटोच्या साली आणि गाभ्यापासून व्हायचं. ते पातळ असायचं, लवकर आंबायचं, म्हणून बेंझोएट. वायली म्हणाले, बेंझोएट काढा. बहुतेक कारखानदार म्हणाले, अशक्य. हाइन्झ कंपनीने करून दाखवलं. पिकलेले चांगले टोमॅटो, स्वच्छ कारखाना, आणि व्हिनेगर व साखर भरपूर. हे केचप महाग पडलं, पण टिकलं, आणि बेंझोएट नाही हीच त्याची जाहिरात झाली. आज केचप म्हटल्यावर जिभेवर जी घट्ट, आंबटगोड चव येते तिच्यामागे हे भांडण आहे. यात एक गोष्ट लपवू नये. हाइन्झसारख्या मोठ्या उत्पादकाला कडक कायदा परवडत होता. लहान कारखानदाराचं यात नुकसानच होतं. वायलींनी या मदतीकडे कधी संशयाने पाहिलं नाही. कदाचित पाहायला हवं होतं.

मग आला जानेवारी १९०८. बेंझोएटवर बंदी नको म्हणून कारखानदार अध्यक्षांकडे गेले. वायली आणि कृषिमंत्री विल्सनही तिथे होते. हा प्रसंग वायलींनीच पुढे लिहून ठेवलाय. रूझवेल्टनी त्यांना विचारलं, बेंझोएट अपायकारक आहे का? ते हो म्हणाले. रूझवेल्टनी टेबलावर हात आपटून कारखानदारांना सांगितलं, की मग ते तुम्ही घालणार नाही. जिंकलेच की! इतक्यात काँग्रेसचे सदस्य जेम्स शर्मन यांनी सॅकरिनचा विषय काढला. डबाबंद मक्यात साखरेऐवजी सॅकरिन घालून त्यांच्या कंपनीचे वर्षाला ४,००० डॉलर वाचले होते. वायलींना राहवलं नाही. अध्यक्षांनी विचारण्याआधीच ते मधे बोलले. गिऱ्हाइकाला वाटतं आपण साखर खातोय, आणि तो खातो डांबरातून निघालेला, प्रकृतीला वाईट असा पदार्थ. रूझवेल्टचा चेहरा बदलला. त्यांचे डॉक्टर त्यांना रोज सॅकरिन देत होते. त्याला अपायकारक म्हणणारा मूर्ख आहे, असं त्यांनी तिथल्या तिथे सुनावलं.

थोड्याच दिवसांत शास्त्रज्ञांचं एक सल्लागार मंडळ नेमलं गेलं. अध्यक्ष कोण? आयरा रेमसन. ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरिनचा शोध लागला तेच! मोठे शास्त्रज्ञ होते यात शंका नाही. पण यापुढे काय अपायकारक हे वायली ठरवणार नव्हते. १९०९ मध्ये मंडळाने बेंझोएट थोड्या प्रमाणात निर्धोक ठरवलं, आणि ते आपल्या बाटलीपर्यंत पोचलं. कायद्याचं एक अक्षरही बदललं नव्हतं. बदलली होती फक्त निवाडा करणारी खुर्ची.

विज्ञानाच्या बाजूने बघितलं तर मंडळ अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही. आज बेंझोएट ठरावीक मर्यादेत बहुतेक देश चालवून घेतात. वायलींना मर्यादा ही कल्पनाच पटत नव्हती, तिथे ते हट्टी होते. पण गिऱ्हाइकाला वाटतं आपण साखर खातोय, हे त्यांचं पहिलं वाक्य कुणी खोडून काढलं नाही. सॅकरिन विष नसेल, फसवणूक तर होतीच. दोन मुद्दे त्यांनी एका श्वासात सांगितले आणि कच्चा होता तोच समोरच्याने पकडला.

कोका-कोलाच्या खटल्यातही हेच झालं. १९०९ मध्ये सरकारने या कंपनीची सिरपची ४० पिंपं आणि २० छोटी पिंपं जप्त केली. वायलींची तक्रार कॅफीनवर. चहा-कॉफीत ते असतं हे आईबापांना माहीत असतं, इथे मात्र पोरं नकळत पितात, असं त्यांचं म्हणणं. १९११ मध्ये चॅटनूगाच्या न्यायालयात निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कॅफीन मूळ कृतीतच असल्यामुळे ते वेगळं ‘घातलेलं’ नाही, असा अर्थ न्यायाधीशांनी लावला. १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि नंतर कंपनीने कॅफीन कमी करून, खर्च भरून तडजोड केली. तोवर वायली नोकरीत नव्हते.

त्यांचं घरचं आयुष्य उशिरा सुरू झालं. ॲना केल्टन यांना त्यांनी पूर्वीच मागणी घातली होती, त्यांनी नकार दिला होता. दहाएक वर्षांनी दोघं पुन्हा ट्राममध्ये भेटली आणि फेब्रुवारी १९११ मध्ये लग्न झालं. नवरा ६६ वर्षांचा! ॲनाबाई स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या. १९१७ मध्ये व्हाइट हाउससमोर निदर्शनं करून तुरुंगातही गेल्या.

लग्नाच्याच वर्षी वायलींवर बालंट आलं. एका तज्ज्ञाला कायद्याने ठरलेल्या दरापेक्षा जास्त मानधन देण्याची सोय केली, असा आरोप, आणि त्यांनी राजीनामा द्यावा अशी शिफारस. वर्तमानपत्रं आणि महिला मंडळं उसळली. अध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना निर्दोष ठरवलं. पण ऑफिसात त्यांचे हात बांधलेलेच राहिले. खटले भरायचे की नाही हे खात्याचे वकील ठरवत होते. १५ मार्च १९१२ रोजी त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली.

त्यानंतर ‘गुड हाउसकीपिंग’ या मासिकाने त्यांना प्रयोगशाळा दिली. तिथे ते वस्तू तपासायचे आणि दर महिन्याला गृहिणींशी लेखातून बोलायचे. सरकारी अहवालांना जे वाचक कधी मिळाले नव्हते ते इथे मिळाले. १९२९ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांनी आपल्याच कायद्याची सरकारने कशी वाट लावली यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात कडवटपणा भरपूर आहे, आणि नावंही.

कायद्यातली ती मोकळी जागा पुढे १९३८ च्या नव्या कायद्याने बरीचशी भरून काढली, तीही आदल्या वर्षी एका विषारी औषधाने शंभराहून जास्त माणसं दगावल्यावर. आपल्याकडे अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा, आणि त्याच्या जागी आलेला अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, म्हणजे वायलींच्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. बाटलीवरचं आयएनएस २११ छापलं जातं ते त्याखालच्या नियमांमुळे.

३० जून १९३० रोजी वायली वारले. कायद्यावर सही झाली त्याला त्या दिवशी बरोबर २४ वर्षं झाली होती. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना पुरलं. थडग्याच्या दगडावर त्यांना शुद्ध अन्न कायद्याचे जनक म्हटलंय. बेंझोएट तेव्हाही दुकानात होतं.